ड्रॉइंगमध्ये नसलेलं भोक

श्याम मिस्त्रीने बॉनेटमध्ये डोकं घातलं, आणि दोन मिनिटांनी बाहेर काढून म्हणाला, "अंकल, आपकी गाड़ी अपना ही धुआँ पी रही है."

नीळकंठ टेंबे यांना एकदम अपराध्यासारखं वाटलं. टेंब्यांनी उभ्या आयुष्यात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नव्हतं, आणि त्यांच्या दारात उभ्या राहणाऱ्या गाडीला ही सवय लागावी! गाडी नऊ वर्षांची होती, डिझेलची होती, आणि बदली होऊन गेलेल्या एका मॅनेजरकडून घेतली होती. सवय त्याच्या घरची असणार, असं मनाशी म्हणून टेंब्यांनी थोडा धीर गोळा केला.

"फिर? इलाज?"

"दस मिनट का काम है. इंजन में एक वॉल्व होता है, जो जला हुआ धुआँ घुमाके वापस अंदर भेजता है. उसमें कालिख जम गई है, खुला का खुला अटक गया है. रास्ते में बिना छेद की एक पत्ती लगा देता हूँ. धुआँ जाना बंद, गाड़ी एकदम रॉकेट. आधा भोपाल लगवाता है."

"पर कंपनी ने वो रास्ता बनाया क्यों?"

श्यामने हात पुसता पुसता करोंद मंडीकडे जाणाऱ्या गव्हाच्या ट्रॉल्यांकडे पाहिलं. "कंपनीवालों को भी तो कुछ काम चाहिए ना, अंकल."

टेंबे म्हणाले, "घर में पूछ के बताता हूँ." कुठल्याही दुकानातून रिकाम्या हाताने बाहेर पडण्याचा त्यांना माहीत असलेला हा एकच मार्ग होता.

या वेळी मात्र घरी विचारण्याला खरंच अर्थ होता, कारण गाडीची गरज घरालाच होती. सिंधूताईंची ड्रायव्हिंगची परीक्षा बुधवारी होती. वय अठ्ठावन्न. उज्जैनला त्यांच्या वडिलांकडे जीप होती, आणि ती त्यांनी तीन मुलांना शिकवली, मुलीला हॉर्न वाजवू दिला. त्या हॉर्नची भरपाई सिंधूताई आता करत होत्या. त्यांचं पहिलं लर्निंग लायसन्स पुतण्याच्या लग्नाच्या धावपळीत मुदत संपून वाया गेलं होतं. हे दुसरं शुक्रवारी संपणार होतं. "ह्या वेळी नाही जमलं तर मी पुन्हा नाव काढणार नाही," असं त्या म्हणाल्या होत्या, आणि त्या रागावून न म्हणता अगदी सहज म्हणाल्या होत्या, म्हणून टेंब्यांना धडकी भरली होती. छत्तीस वर्षांच्या संसारात सिंधूताई सहज जे बोलत, ते होई.

आणि गाडीत तर दमच उरला नव्हता. कारखान्याच्या टाउनशिपमधल्या दवाखान्याजवळच्या चढावर ती दमेकऱ्यासारखी थांबे आणि मागे काळा ढग सोडी. आरटीओच्या मैदानात एक छोटा चढ असतो, त्यावर गाडी थांबवून पुन्हा वर न्यावी लागते. शिवाय प्रदूषणाचा दाखला लागतो, आणि पेट्रोल पंपाजवळच्या तपासणीवाल्याने टेंब्यांची गाडी नुसती येताना पाहूनच हात जोडले होते.

टेंब्यांनी कारखान्याच्या तांत्रिक ग्रंथालयात चौतीस वर्षं काढली होती. टर्बाइनवाल्यांना टर्बाइनची, ट्रान्सफॉर्मरवाल्यांना ट्रान्सफॉर्मरची पुस्तकं काढून देता देता त्यांनी ती सगळी वाचलीही होती. पण हातात पाना कधी धरला नव्हता. निवृत्तीच्या दिवशी भाषणात कोणीतरी म्हणालं होतं, "टेंबेसाहेब म्हणजे चालतं-बोलतं कपाट!" टाळ्या पडल्या होत्या. टेंबे त्यावर दोन वर्षं विचार करत होते. कपाट.

घरी आल्यावर त्यांनी गाडीची पुस्तिका आणि आणखी दोन जाडजूड पुस्तकं काढली, आणि संध्याकाळपर्यंत त्यांना उलगडा झाला. तो ते सिंधूताईंना सांगू लागले.

"हे बघ, सिलिंडरमध्ये आग फार तापली की काय होतं? हवेतला नायट्रोजन एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्या उष्णतेत तोसुद्धा ऑक्सिजनशी सोयरिक करतो, आणि त्यातून विषारी वायू होतो. म्हणून एक झडप ठेवलीय. ती जळलेल्या धुरातला थोडासा धूर परत आत सोडते. त्या धुरातलं जे जळायचं ते जळून गेलेलं असतं, ऑक्सिजनही जवळजवळ संपलेला, म्हणून आग जरा थंड जळते."

"म्हणजे राखच की," सिंधूताई कणीक मळता मळता म्हणाल्या.

"राख कशी?"

"अहो, चुलीत जाळ फार झाला की माझी आई त्यावर राख सारायची. जळून गेलेलं परत घालायचं, म्हणजे जाळ ताळ्यावर येतो. भाकरी करपत नाही."

टेंब्यांनी पुस्तक मिटलं. एकशे चाळीस पानांत जे त्यांना पुरतं समजलं नव्हतं ते आता समजलं.

"आणि चढावर?" त्यांनी परीक्षा घेतल्यासारखं विचारलं.

"चढावर जाळ मोठाच लागणार. तेव्हा राख कशाला घालायची?"

"बरोबर! तेव्हा झडप बंद व्हायला हवी. आपली उघडीच अडकलीय."

"मग साफ करा की. धुराडं काजळलं म्हणून कोणी ते बुजवतं का?"

हे इतकं सोपं होतं की टेंब्यांना वाटलं, आपणच करावं. रविवारी सकाळी, पुस्तक उघडं ठेवून, चार बोल्ट काढायचे, झडप रॉकेलने धुवायची, चार बोल्ट लावायचे. आयुष्यात एकदा तरी कपाटाने पाना धरावा.

पण टाउनशिपमध्ये बॉनेट उघडणं ही खाजगी बाब नसते. दुसऱ्या शहरांत लग्नाची वरात बघायला लोक गच्चीत येतात. इथे एखाद्याने नुसती स्कूटर आडवी केली तरी अठ्ठावीस वर्षांच्या अनुभवाची माणसं चहाचा कप घेऊन कंपाउंडपाशी येतात. टेंब्यांनी पहिल्या बोल्टला पाना लावला तेव्हा सदाशिवराव फाटकातून आत आले होते.

सदाशिवराव टर्बाइनच्या चाचणी विभागातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले होते, आणि त्यांचा आवाज अजून त्याच विभागात होता. "टेंबे! हे काय चालवलंय? प्रोसीजर कुठाय?"

"पुस्तकात..."

"पुस्तकातली प्रोसीजर म्हणजे झाली का प्रोसीजर? कोण उघडणार, कोण तपासणार, कोण सही करणार? उद्या एक बोल्ट हरवला तर जबाबदार कोण?"

टेंब्यांना सांगायचं होतं की बोल्ट चारच आहेत आणि त्यांच्यासाठी बशी ठेवलीय. पण सदाशिवरावांनी तोवर दोन माणसांना हाका मारल्या होत्या. एक गजाननराव, टूल रूमचे. पत्रा कापावा तर गजाननरावांनी, असा ज्यांचा लौकिक. दुसरे दिगंबरपंत, भांडारातले. ज्यांच्या हातून आत गेलेली वस्तू चिठ्ठीशिवाय बाहेर आल्याचं कारखान्याच्या इतिहासात नमूद नव्हतं. अर्ध्या तासात व्हरांड्यात समितीची पहिली बैठक झाली. सदाशिवराव अध्यक्ष. गाडीचे मालक म्हणून टेंब्यांना काही पद द्यायला हवं होतं, म्हणून त्यांना इतिवृत्त लिहायला बसवलं. चहा सिंधूताईंचा.

श्यामच्या पत्तीचा विषय निघताच सदाशिवराव कडाडले. "बिनभोकाची पत्ती? आडमार्ग! अडाणीपणा! आपण इंजिनियरिंगचे लोक आहोत, टेंबे. लिहा, एकमताने फेटाळण्यात आलं."

टेंब्यांनी लिहिलं. खरं तर त्यांना फार बरं वाटलं होतं.

झडप निघाली ती काजळीने इतकी भरलेली, की भरतासाठी भाजलेल्या वांग्यासारखी दिसत होती. दिगंबरपंतांनी तिला दोऱ्याने चिठ्ठी बांधली, चारही बोल्टना एकेक चिठ्ठी बांधली, आणि सगळं आपल्या घरच्या लोखंडी कपाटात ठेवून किल्ली जानव्याला अडकवली. "सोमवारी मागणीपत्र आणा, साफसफाईसाठी देतो."

"पण झडप माझीच आहे ना?" टेंबे पुटपुटले.

"तुमचीच. म्हणून तर सांभाळायची."

अडचण आली ती दुसऱ्याच ठिकाणी. झडप जिथे बसते तिथे मध्ये एक पातळ पत्र्याचं गॅस्केट असतं. ते निघताना तुकडे तुकडे झालं. मधला भाग तर जळून गेलेलाच. बाजारात चौकशी केली, तर मागवावं लागेल, आठ दिवस. बुधवार तीन दिवसांवर. सगळ्यांनी गजाननरावांकडे पाहिलं.

"पाच मिनिटांत कापतो," गजाननराव म्हणाले. "ड्रॉइंग द्या."

"एवढ्याशा पत्र्याला ड्रॉइंग?" सिंधूताई आतून म्हणाल्या.

"वहिनी, अडतीस वर्षांत ड्रॉइंगशिवाय मी टाचणी वाकवलेली नाही."

तेव्हा अक्षर चांगलं म्हणून ड्रॉइंगचं काम टेंब्यांकडे आलं. त्यांनी आलेखाच्या कागदावर गॅस्केटचे तुकडे जुळवले, बाहेरची कड आखली, बोल्टची चार छिद्रं आखली, मापं लिहिली. मधलं भोक, जिच्यातून धूर जातो ती वाट, तेवढी राहिली. ती कड जळाली होती. मोजायला व्हर्निअर लागला असता, आणि व्हर्निअर सदाशिवरावांच्या हातात होता. सदाशिवराव त्या वेळी एकोणीसशे शहाऐंशी साली एका टर्बाइनला झालेल्या कंपाची हकीकत सांगत होते. मध्ये बोलणं टेंब्यांना प्रशस्त वाटेना. कंप थांबला की मागू, असं त्यांनी ठरवलं. कंप थांबेना. इतक्यात गजाननरावांनी कागद ओढून घेतला, सदाशिवरावांनी न थांबता त्यावर सही ठोकली, दिगंबरपंतांनी आणि गजाननरावांनीही सह्या करून तारीख घातली, आणि टेंबे "ते जरा..." एवढंच म्हणाले. सिंधूताई कांदेपोहे घेऊन आल्या. "ते जरा" पोह्यांत गेलं.

सोमवारी झडप धुतली गेली. तिला तीन बाटल्या रॉकेल आणि एक वाद लागला. मंगळवारी सकाळी बसवण्याचा समारंभ झाला. गजाननरावांचं गॅस्केट आरशासारखं चकचकीत होतं. सदाशिवरावांनी ते व्हर्निअरने तपासलं आणि "ड्रॉइंगप्रमाणे" असा शेरा मारला. टेंब्यांना त्या वेळी पंचनाम्यासाठी कोरे कागद आणायला पाठवलं होतं.

गाडी सुरू झाली, आणि काय सांगावं! आवाज साफ. धूर नाही. दवाखान्याच्या चढावर सिंधूताईंनी ती अशी चढवली की पाठीमागच्या सीटवर तीन इंजिनियरिंगचे लोक एकमेकांच्या मांडीवर गेले. तपासणीवाल्याने मशीनची नळी लावली, आकडा पाहिला, पुन्हा लावली, आणि दाखला छापून दिला. संध्याकाळी पेढे वाटले गेले. सदाशिवरावांनी त्या पत्तीवाल्या मिस्त्रीला चार शब्द सुनावायला स्वतः जायचं ठरवलं.

सात वाजता टेंबे कागद फाइलला लावायला बसले. ग्रंथालयाची सवय. इतिवृत्त, मागणीपत्र, पंचनामा, ड्रॉइंग. ड्रॉइंगवर त्यांची नजर थांबली. बाहेरची कड. चार छिद्रं. तीन सह्या. आणि मध्ये, जिथे भोक असायला हवं तिथे, स्वच्छ पांढरा कागद.

गजाननरावांनी ड्रॉइंगप्रमाणेच कापलं होतं. गाडीत बसली होती ती श्यामची पत्ती. एकमताने फेटाळलेली, चकचकीत, सही-शिक्क्यासह. वाट बुजली होती, म्हणून तर गाडी रॉकेट झाली होती.

कुणाला कळणार होतं? तपासणीच्या मशीनला फक्त काळा धूर दिसतो. आता गाडीतून जो वायू वाढला असणार तो डोळ्यांना दिसत नाही. सकाळी परीक्षा आहे. उघडायला घेतलं आणि बसलं नाही, तर? आणि चूक कोणाची, तर चौतीस वर्षं पुस्तकं वाचलेल्या माणसाची. सगळे हसतील. त्यांनी फाइल मिटली. पुन्हा उघडली.

जे डोळ्यांना दिसत नाही ते नसतंच, असं दुसऱ्या कुठल्या गावात कुणी म्हणू शकेल. भोपाळात हे वाक्य तोंडातून निघत नाही.

"सिंधू," ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "गाडीत राख पडत नाहीये."

सिंधूताईंनी गॅस बारीक केला. टेंब्यांनी सगळं सांगितलं, व्हर्निअरसकट, कंपासकट. त्या हसतील असं त्यांना वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत.

"परीक्षा होऊ द्यायची आणि मग काढायची, असंही करता येईल," टेंबे खाली बघत म्हणाले. "तुझं लायसन्स आहे. तू सांगशील तसं."

"आणि त्या लायसन्सकडे मी बघायची कशी? पुन्हा हॉर्नच वाजवल्यासारखं होईल ते." त्यांनी हात पुसले. "परीक्षा दहाला आहे. सहाला उघडा. पण तुम्ही उघडा. समिती नको."

समितीशिवाय पाना मिळणार नव्हता, कारण पानाही दिगंबरपंतांच्या कपाटात जमा होता. बुधवारी सकाळी पावणेसहाला टेंब्यांनी त्यांची कडी वाजवली. दिगंबरपंत तोंडात ब्रश घेऊन आले. "चिठ्ठी?"

"दिगंबरपंत," टेंबे म्हणाले, आणि आपला आवाज ऐकून त्यांचे तेच दचकले, "चिठ्ठी नाही. पाना द्या."

दिगंबरपंतांच्या तोंडातला फेस खाली पडला. ग्रंथालयात या माणसाने 'शांतता राखा' ही पाटीसुद्धा बारीक अक्षरात लावली होती. त्यांनी पाना दिला.

आवाजाने सदाशिवराव आलेच. पाठोपाठ टॉवेल गुंडाळून गजाननराव. टेंब्यांनी ड्रॉइंग त्यांच्यापुढे धरलं. "मधलं भोक राहिलंय. चूक माझी. मी रविवारी मध्ये बोलायला हवं होतं. बोललो नाही."

सदाशिवराव कागदावरची स्वतःची सही निरखत होते. तिच्या वळणात त्यांना काही दोष सापडेना.

"म्हणजे," ते शेवटी म्हणाले, "त्या मिस्त्रीने सांगितलं होतं तेच आपण..."

"तीन दिवसांत आणि सह्यांनिशी केलं," सिंधूताई म्हणाल्या. "तो दहा मिनिटांत करत होता."

"आता व्हर्निअर," टेंबे म्हणाले आणि हात पुढे केला. सदाशिवरावांनी तो त्यांच्या तळहातावर ठेवला. एकोणीसशे शहाऐंशी सालाचं नाव कोणी काढलं नाही.

टेंब्यांनी नळीचं तोंड स्वतः मोजलं. पहिल्यांदा पाना घसरून बोटाचं साल निघालं, पण बोल्ट निघाले. गजाननराव पत्रा हातात घेऊन हटून बसले, "सुधारित ड्रॉइंग?" तेव्हा टेंब्यांनी खिशातून पेन काढलं, जुन्या ड्रॉइंगच्या मधोमध एक वर्तुळ काढलं, माप लिहिलं आणि खाली सही केली. एकट्याची. गजाननरावांनी समाधानाने मान हलवली आणि छिन्नी-हातोडी टेंब्यांच्याच पुढे सरकवली. "मग घाला. मी धरतो."

सोळा घाव लागले. सोळाव्याला पत्र्याची चकती टणकन फरशीवर पडून घरंगळत गेली. कड थोडी वाकडी होती, ती गजाननरावांनी कानसेने नीट केली आणि वाकडेपणाबद्दल काहीही बोलले नाहीत. ही त्यांच्याकडून फार मोठी दाद होती.

साडेआठला गाडी सुरू झाली. कालच्याइतकी ती रॉकेट नव्हती, पण शहाण्या माणसासारखी चालत होती. झडप साफ होती. सपाटीवर उघडत होती, चढावर मिटत होती. तपासणीवाल्याकडे टेंबे स्वतः होऊन पुन्हा गेले. तो म्हणाला, "बाबूजी, सर्टिफिकेट तो कल ही दिया." टेंबे म्हणाले, "कल वाली गाड़ी दूसरी थी." मशीनने याही गाडीला पास केलं.

आरटीओच्या मैदानात नातेवाइकांना दोरीच्या बाहेर उभं करतात. टेंबे दोरी दोन्ही हातांनी धरून उभे होते, मागे समिती. सिंधूताईंनी इंग्रजी आठ काढला. तो मराठी चारासारखा झाला, पण खांब पडला नाही. मग चढ. मधोमध इन्स्पेक्टरने गाडी थांबवायला सांगितली. गाडी थांबली. क्षणभर मागे आली, आणि दोरीपाशी चौघे एकदम पुढे झुकले. मग इंजिनाचा आवाज भरला, झडपेने जे करायचं ते केलं असावं, आणि गाडी धूर न सोडता, घाई न करता वर गेली. वर गेल्यावर सिंधूताईंनी, काही गरज नसताना, हॉर्न वाजवला.

"माताजी, हॉर्न किसलिए?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"पुराना हिसाब था, भैया," सिंधूताई म्हणाल्या. त्याने हसत कागदावर शिक्का मारला.

परतताना गाडी सिंधूताईंनीच चालवली. समितीने मागे बसून सुधारित इतिवृत्ताचा मसुदा चर्चेला घेतला होता. त्यात 'मूळ ड्रॉइंगमध्ये आढळलेली संदिग्धता' असा शब्दप्रयोग सदाशिवराव सुचवत होते. टेंबे पुढे, शेजारच्या सीटवर, पट्टी बांधलेलं बोट सांभाळत बसले होते. दवाखान्याचा चढ आला तेव्हा त्यांचं लक्ष किल्लीकडे गेलं. किल्लीच्या कडीत दोन रुपयांच्या नाण्याएवढी एक पत्र्याची चकती डुलत होती. कडेला बारीक छिद्र पाडून कधी ओवली होती कोण जाणे.

"हे काय?"

"तुम्ही केलेलं भोक," सिंधूताई रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "टाकवेना."

"टेंबे," मागून सदाशिवराव म्हणाले, "तर मी काय सांगत होतो, की 'संदिग्धता' हा शब्द..."

"एक मिनिट, सदाशिवराव," टेंबे मागे वळून म्हणाले. "आधी माझं ऐका."

आणि गाडीतले सगळे गप्प झाले.